आधी नीट जावं

डेबियनच्या डेव्हलपरांसाठी एक संदर्भपुस्तिका आहे. पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असा सॉफ्टवेअरचा गठ्ठा, कसं बांधावं, बग कसा बंद करावा, अपलोड फसलं तर काय करावं, याची तिच्यात पानंच्या पानं आहेत. त्या गर्दीत निवृत्त कसं व्हावं यावर एक छोटं टिपण आहे आणि त्याला लागूनच परत कसं यावं यावर मोजक्या ओळी. नव्या उत्साहाच्या माणसाचं तिकडे लक्ष जात नाही. मीही ते पान जायची वेळ आली तेव्हाच उघडलं.

ज्यांना डेबियन माहीत नाही त्यांच्यासाठी: ही संगणकाची फुकट आणि मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केली. आज सुमारे हजारभर सदस्य आणि त्याहून कितीतरी जास्त हौशी मदतनीस मिळून ती चालवतात. प्रकल्प कुणालाच पगार देत नाही. काहींना त्यांच्या कंपन्या या कामाचे पैसे देतात, पण आमच्यासारखे बहुतेक जण रात्रीचं जेवण झालं की बसणारे. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात निम्मं कन्नड. इंजिनिअरिंगला असताना हा नाद लागला. देवनागरी फाँटचं एक पॅकेज आणि मराठी भाषांतराचं थोडं काम माझ्याकडे होतं.

पगारच नाही तर निवृत्ती कसली, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. पेन्शन नाही, निरोप समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. पण हातात सत्ता मात्र खरी असते. डेबियनच्या सदस्याकडे जी जीपीजी की, म्हणजे संगणकावर सही करायची गुप्त किल्ली, असते, तिने सही करून पाठवलेलं पॅकेज जगभरातल्या यंत्रांवर जाऊन बसतं. मधे कुणी साहेब ते तपासत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे अशी की आहे आणि जो वर्षानुवर्षं फिरकत नाही, तो माणूस प्रकल्पासाठी उघडं राहिलेलं दार असतो.

म्हणून त्या टिपणात जाण्याची रीत सांगितली आहे. आपल्या नावावरची पॅकेजेस रीतसर सोडून द्यायची, म्हणजे ज्याला हवी तो ती घेऊ शकतो. टीमच्या पॅकेजेसमधून आपलं नाव काढायचं. आपण जातोय असं एक पत्र आपल्याच कीने सही करून सगळ्या सदस्यांना पाठवायचं. आणि कींची वही सांभाळणाऱ्यांना वेगळं कळवायचं.

मी हे केलं २०१७ च्या पावसाळ्यात. त्या वर्षीच्या १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि आमच्या टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब माझ्या गळ्यात पडले. तोवर घरचा व्यवहार कच्च्या वह्यांवर चाले. आता प्रत्येक बिलावर टॉवेलचा ६३०२ हा कोड, प्रत्येक व्यापाऱ्याचा नंबर, महिन्याची विवरणपत्रं. माग चालू असताना कचेरीत बोललेलं ऐकू येत नाही. खाली खडखडाट, वर मी आणि आमचे दिवाणजी, समोर बिलांचा गठ्ठा. त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपवर मी ते निरोपाचं पत्र लिहिलं. दिवाणजींना वाटलं व्यापाऱ्याला पत्र चाललंय. त्यांनी मधेच सांगितलं, "ताई, शेवटी उधारीचं पण लिहा."

पत्र चार ओळींचंच झालं. कारण दिलं नाही, कुणी मागतही नाही. की एका पेनड्राइव्हवर घेतली, तो पेनड्राइव्ह पाकिटात घातला आणि पाकीट गोदरेजच्या कपाटात मागच्या वर्षांच्या विवरणपत्रांच्या फायलीत ठेवलं. तीच जागा का, ते सांगता येणार नाही. पण हिशेबाची कागदपत्रं आमच्या घरात कुणी रद्दीत टाकत नाही, एवढा भरवसा होता.

माझ्यासोबतच शिकलेला एक वर्गमित्र होता. काम माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं. तो पुण्याला नोकरीला लागला आणि प्रकल्पात दिसेनासा झाला. तो गेला नाही, नुसता यायचा थांबला, आणि बहुतेक सगळे असेच जातात. उद्या करू, या रविवारी बसू, एवढी रिलीज जाऊ दे, मग बघू. डेबियनमध्ये अशा हरवलेल्यांचा माग काढणारा एक गट आहे. ते पत्र पाठवून विचारतात की बाबा, आहेस का? त्यालाही विचारलं. त्याने ते पत्र वाचलं, लाज वाटली म्हणून उत्तर दिलं नाही, मग उत्तर दिलं नाही याची आणखी लाज वाटली. पुढे त्याचं खातं बंद झालं.

आता फरक बघा. जो रीतसर जातो त्याची नोंद 'एमेरिटस', म्हणजे मानाने निवृत्त, म्हणून होते. जो तसाच नाहीसा होतो त्याची 'काढून टाकलेला' म्हणून. एरवी दोघांत काही फरक नाही. दोघांनाही अपलोड करता येत नाही. फरक पडतो तो परत येताना. एमेरिटस माणसाने सदस्यांची खाती सांभाळणाऱ्यांना पत्र लिहायचं आणि नव्या सदस्यांना जी परीक्षा असते तिची छोटी आवृत्ती द्यायची. काढून टाकलेल्याने पहिल्यापासून सगळं करायचं: शिफारस करणारा सदस्य शोधा, की तपासून घ्या, परीक्षकाच्या प्रश्नांची लांबलचक उत्तरं लिहा, मग वाट पाहा.

हे ऐकल्यावर मित्र फोनवर म्हणाला, "दहा वर्षं काम केलं त्याला काही किंमत हाय का नाही बे?"

किंमत आहे. पण ती माहितीची आणि हाताची आहे, हक्काची नाही. हे मला आमच्या गड्ड्याच्या यात्रेवरून सगळ्यात लवकर कळतं. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले लोक त्या उंच काठ्या पेलतात, आणि यात्रेच्या आधी कितीतरी दिवस रात्री गल्लीगल्लीत त्याचा सराव चालतो. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं संक्रांतीला परत येतात. त्यांच्या आजोबांनी काठी पेललेली असते, त्यांनी स्वतः पेललेली असते. तरी सरावाला न आलेल्याच्या हातात ऐन मिरवणुकीत कुणी काठी देत नाही. त्यात अपमान नसतो. खाली गर्दी असते, लेकरं असतात, आणि काठी कुणाचा इतिहास विचारून कलत नाही.

परतायचं कधी ठरलं, ते नेमकं सांगता येत नाही. हिशेब आता भाच्याच्या हाती गेलेत, एवढं खरं. पण मनाला टोचणी लागली ती २०२४ च्या मार्चअखेर. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरने जगाला कळवलं की एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदार बसवलंय. त्याच्या हे कसं लक्षात आलं? दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता, म्हणून. अर्धा सेकंद! आमच्याकडे लाईट गेली तरी कुणी अर्धा तास उठत नाही.

हे चोरदार बसवणारा 'जिया टॅन' हे नाव घेऊन दोन वर्षांहून जास्त काळ गुणी कार्यकर्त्यासारखा वावरत होता. दुरुस्त्या पाठवायचा, गोड बोलायचा. एक्सझेडचा मूळ सांभाळणारा एकटा होता आणि थकलेला होता. आपली तब्येत ठीक नाही हे त्याने उघड लिहिलं होतं. तेव्हा काही अनोळखी नावांनी त्याच्यावर तगादा लावला की तुला झेपत नसेल तर दुसऱ्याला हक्क दे. दिले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नाही, पण चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये आलं होतं.

लोकांनी यातून सुरक्षेचा धडा घेतला, तो बरोबरच आहे. माझ्या डोक्यात मात्र तो थकलेला माणूस बसला. त्याला हात टेकायला जागा हवी होती, आणि हात द्यायला आला तो चोर. माझ्यासारखे किती जण घरी बसलेत, ज्यांची ओळख आधीच पटलेली आहे, ज्यांच्या कीवर जुन्या लोकांनी समोरासमोर बसून, ओळखपत्र बघून सह्या केल्यात! अशी माणसं परत यायला सोपं व्हावं, पण परत येणारा खरंच तोच आहे ना, हे तपासल्याशिवाय नव्हे. कारण चोराला नवा माणूस बनून दोन वर्षं राबण्यापेक्षा जुना माणूस बनून एका पत्रात आत येणं जास्त परवडेल.

म्हणून मला परीक्षेचा राग आला नाही. उलट ती नसती तर मी थोडी घाबरले असते.

पाकीट सापडलं. पेनड्राइव्ह चालला. कीची मुदत संपली होती, पण खासगी की आपल्याकडे असली की मुदत आपली आपल्याला वाढवता येते. ती नसती तर नवी की बनवून निदान दोन सदस्यांना प्रत्यक्ष भेटून तिच्यावर सह्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि सोलापुरात ते सोपं नाही. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, कुठलीतरी एक गाडी पकडावीच लागते. परतणाऱ्या कुणालाही मी आधी हेच विचारेन: की कुठाय? बाकी सगळं शिकता येतं.

सदस्यांच्या कामाची जुनी जागा म्हणजे ॲलिओथ. ती २०१८ मध्ये बंद होऊन तिच्या जागी साल्सा आलं होतं. तिथे नवं खातं काढलं. मग पत्र लिहिलं: मी अमुक, तेव्हा अशी अशी गेले, आता यायचं म्हणते, माझ्याकडे आठवड्याचे इतके तास आहेत. शेवटचं वाक्य लिहायचं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. परत येणाऱ्याला आपण खूप काम करू असं सांगायचा मोह होतो, जणू मधल्या वर्षांचं व्याज फेडायचंय. मी कमी तास लिहिले. आजवर तेवढे पाळता आलेत.

प्रश्न आले ते दोन प्रकारचे. एक हाताच्या कामाचे, एक विचारांचे. हाताच्या कामाचे मला कठीण जातील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. माझ्या जुन्या पॅकेजमध्ये कम्पॅट नावाची एक फाईल होती, आत फक्त ९ हा आकडा, म्हणजे पॅकेज बांधणाऱ्या साधनाची कुठली पातळी वापरायची ते. आता ती फाईलच लागत नाही. तीच गोष्ट कंट्रोल फाईलमध्ये एका ओळीत लिहितात आणि आकडा १३ असतो. असे बदल पुष्कळ झालेत, पण बहुतेक सगळे काम कमी करणारे. पूर्वी दोन पानं लिहावी लागत तिथे आता तीन ओळी पुरतात. माझ्या तरुण टीममित्राला मी जुनी रीत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "हे सगळं हाताने करत होता तुम्ही?" आमच्या सासऱ्यांनी हातमागावरच्या गोष्टी सांगितल्यावर मीही असंच तोंड केलं होतं.

विचारांचे प्रश्न जास्त अडले. मी गेले तेव्हा डेबियनच्या अधिकृत सीडीत फक्त मुक्त सॉफ्टवेअर असे. बऱ्याच लॅपटॉपच्या वायफायला लागणारं फर्मवेअर, म्हणजे यंत्राचा तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, कंपन्यांच्या बंद मुठीतलं, म्हणून ते वेगळं उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन जावं लागे. कॉलेजातल्या कार्यशाळेत पोरं उत्साहाने डेबियन बसवायची आणि तिथेच अडकायची. नेट चालायला फर्मवेअर हवं, फर्मवेअर उतरवायला नेट हवं. मी तेव्हा त्यांना तत्त्व समजावून सांगायची, मान हलवून ती पोरं घरी जाऊन उबुंटू ही दुसरी सिस्टीम बसवायची. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान केलं आणि फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं. जून २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते मिळतं.

परीक्षकाने विचारलं, हे तुम्हाला सामाजिक कराराशी सुसंगत वाटतं का? हा करार १९९७ चा. डेबियन मुक्तच राहील आणि वापरणाऱ्यांचं हित आधी बघेल, अशी दोन्ही वचनं त्यात आहेत, आणि इथे ती एकमेकांशी भांडतात. मी गेले तेव्हाची मी या ठरावाच्या विरोधात बोलले असते. आता मी लिहिलं की मला तो पटतो, आणि का पटतो ते लिहिताना ती कार्यशाळेतली पोरंच आठवली. मतदान माझ्यामागे झालं, मला मत नव्हतं, आणि तो निर्णय आता माझाही आहे. परत येणाऱ्याने ही गोष्ट गिळायला शिकावं. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य ज्याच्या ओठांवर असतं त्याची की खरी असली तरी त्याच्याबरोबर काम करणं अवघड जातं.

पण आमच्या वेळी कसं होतं हे माहीत असण्याचा उपयोग होतो, तोही सांगते. मराठी भाषांतरं सांभाळणाऱ्या एका मुलाला कोडं पडलं होतं. एका मदतपानावर 'ॲप' हा शब्द शोधला की निम्मे सापडत, निम्मे नाही. डोळ्यांना सगळे सारखेच. मी बघितल्याबरोबर ओळखलं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत, आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी ते नव्हतंच, म्हणून आम्ही अ लिहून त्यावर अर्धचंद्र द्यायचो: 'अॅ'. पडद्यावर दोन्ही एकच, पण संगणकाच्या लेखी पहिलं एक चिन्ह आणि दुसरं दोन चिन्हं, आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही. जुन्या ओळी आम्ही लिहिलेल्या, नव्या ओळी त्या मुलाच्या पिढीने. त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि सगळं एकसारखं केलं. स्क्रिप्ट मला इतकी झटपट लिहिता आली नसती. आणि कशासाठी लिहायची हे त्याला ठाऊक नव्हतं.

माझं फाँटचं पॅकेज मी गेल्यावर कुणीतरी उचललं होतं, दक्षिण भारतातल्या एकाने. ते परत मागायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. दुसऱ्याने इतकी वर्षं वाढवलेलं लेकरू "माझं होतं" म्हणून कसं मागणार? मी त्याच्या दोन जुन्या बगांवर दुरुस्त्या पाठवल्या. त्याने त्या घेतल्या आणि स्वतःहून विचारलं, जोडीने सांभाळायचं का? इतर प्रकल्पांतही चाल साधारण अशीच दिसते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टीमच्या प्रकल्पात बराच काळ गप्प राहिलेल्याचा बदल करायचा हक्क सुरक्षित ठेवायला काढून घेतात. कुबरनेटिस या सर्व्हरांच्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात जुन्या मंजुरीदारांची नावं एमेरिटस म्हणून फाईलमध्ये राहतात. मान राहतो, किल्ली काढतात. मला हे शहाणपणाचं वाटतं.

तरी त्या 'काढून टाकलेला' शिक्क्याबद्दल माझं मन पूर्ण साफ नाही. मित्र नाहीसा झाला त्याच्या मागे आळस होता, हे मी वर लिहिलं. पण तेवढंच नव्हतं. ते विचारणारं पत्र आलं त्या दिवसांत त्याचे वडील इथे सोलापुरात दवाखान्यात होते आणि तो दर आठवड्याला पुणे-सोलापूर करत होता. निरोपाचं पत्र लिहायला जी उसंत लागते ती ज्याला सगळ्यात जास्त गरज असते त्यालाच नसते. माझ्याकडे निदान टेबल होतं, दिवाणजी होते, रात्रीचा एक तास होता. नियमाला हे दिसत नाही, आणि नियमाला दिसावं अशी अपेक्षाही करता येत नाही. हजार माणसांच्या घरातलं कोण बघणार? पण विचारणारं पत्र कसं लिहावं, हे मात्र माणसाच्या हातात असतं. "तुम्ही आहात का?" यापेक्षा "सध्या जमत नसेल तर एवढ्या एका ओळीचं उत्तर पाठवा, बाकी आम्ही बघतो" असं लिहिलं तर लाजेने गोठलेला माणूस उत्तर देतो. मित्राने दिलं असतं, असं तो म्हणतो.

माझं खातं सुरू झाल्यावर पहिली शिफारस मी त्याचीच केली. शिफारशीत त्याची जुनी थोरवी गायली नाही. गेल्या काही महिन्यांत त्याने पाठवलेल्या दुरुस्त्या दाखवल्या, बस्स. परीक्षकाशी त्याचं सध्या फर्मवेअरवरूनच जुंपलंय. त्याचं मत माझ्या उलट आहे आणि उत्तरं माझ्यापेक्षा चांगली लिहितो. मधे चिडून म्हणाला, "हे काय करालीस तू, मला कुठं अडकवलीस?" म्हणजे सगळं ठीक चाललंय.

मी मात्र या खेपेला आणखी एक पान वाचून ठेवलंय, सुटीवर जाण्याचं. थोड्या दिवसांसाठी जायचं असेल तरी सदस्यांना कळवायचं, आपल्या नोंदीत सुटीची खूण करायची, आणि तेवढ्या काळात तातडीचं काही आलं तर कोण बघेल ते सांगायचं. भाच्याने हिशेब घेतले असले तरी जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर, आणि त्या महिन्यात घरात मीच लागते. त्यामुळे डिसेंबर मी आत्ताच लावून टाकलाय. फाँट जोडीदाराकडे, भाषांतरं त्या मुलाकडे. जानेवारीतही यात्रेचे चार दिवस धरू नका, असं खाली लिहिलंय. जोडीदाराने उलट विचारलं, कसली यात्रा? त्याला फोटो पाठवलेत.